हिले नापास करा, गुरुजी

खैरटोल्यात रचनाला सगळे 'मास्तरीण' म्हणायचे. पाचवीतली पोर, अंगाने काडी, पण आवाज असा की सव्वीस जानेवारीला ती भाषणाला उभी राहिली की शाळेच्या कुंपणाबाहेर बैल धरून उभे असलेले लोकही थबकत. कविता तिला तोंडपाठ, पाढे तोंडपाठ. पाहुणे आले की तिची आजी सुशिलाबाई तिला मधोमध उभी करून म्हणायची, "म्हन, बाई." रचना म्हणायची आणि पाहुणे मान डोलवायचे.

तिच्या आईचं नाव ललिता. ललिताचं माहेर गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रतापगडाच्या बाजूचं. तिथे ती चौथीपर्यंत शिकली, पुढची शाळा लांब होती म्हणून थांबली. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत तिला वाचता यायचं. नवरा भोजराज गोंदियाजवळ कुडव्याला घरांच्या बांधकामावर जायचा, आठवडाभर तिथेच राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी मोटरसायकलने घरी यायचा. ललिता गावातल्या धानाच्या बांध्यांत मजुरीला जायची. दोघांच्याही मनात एक गोष्ट पक्की होती. आपण राबलो, पण आपली पोरगी शिकणार.

ही गोष्ट २०१२ सालच्या पावसाळ्यातली. बौद्धांचा वर्षावास लागला होता. रोज संध्याकाळी विहारात दिवे लागले की बाया-माणसं जमत, वंदना होई आणि मग गावातले म्हातारे मंगरूजी बुद्धाचा ग्रंथ वाचत. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्या दिवशी त्यांनी पान डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, चष्मा पुसला आणि ग्रंथ पुढे सरकवला.

"आज मले काही दिसून नाई राहिलं. रचना, तू वाच, माय. खूण ठेवली आहे तिथून."

रचना उठली. दिव्याजवळ मांडी घालून बसली, ग्रंथ मांडीवर घेतला, पान उघडलं. क्षणभर नुसतीच पाहत राहिली. मग तिने सुरुवात केली. मेलेलं लेकरू खांद्यावर घेऊन दारोदार फिरणारी आई, आणि ज्या घरात कोणी मेलं नाही त्या घरातून मूठभर मोहरी आणायला सांगणारे तथागत. रचनाचा आवाज कुठे चढत होता, कुठे उतरत होता. बायांनी पदर डोळ्यांना लावले.

ललिता तिच्या अगदी शेजारी बसली होती. लेक वाचते आहे या कौतुकाने ती पानाकडे वाकली. वर जाड अक्षरांत मथळा होता. तिने सवयीने एकेक अक्षर जुळवलं. अं, गु, लि, मा, ल. तिने पुन्हा जुळवलं. तेच आलं. मग तिने खालची ओळ लावून पाहिली. तिथे ना मोहरी होती, ना ती आई. आणि रचनाची नजर पानावर एकाच जागी खिळलेली होती. ओळ सरकत नव्हती.

ती गोष्ट मंगरूजींनी आदल्याच दिवशी वाचली होती.

वाचन संपलं तेव्हा मंगरूजी खजील होऊन म्हणाले, "मीच खूण चुकीच्या पानात ठेवली वाटते. पन पोरगी काय वाचते."

घरी येताना रचना पुढे उड्या मारत चालली होती, आणि ललिताला वाटत होतं की आपण चुकीचं पाहिलं असेल. आपलं शिक्षण ते किती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धाकट्या अश्विनचं पुस्तक काढलं. अश्विन दुसरीत होता. रचना वेणी घालून घ्यायला पुढ्यात बसली होती. तिच्या मांडीवर पुस्तक ठेवून ललिता सहज बोलल्यासारखं म्हणाली, "वाच बरं थोडं. मी वेनी घालतो तवर."

रचनाने पान पाहिलं. चित्रात गाय होती, झाड होतं, आणि एक बाई.

"गाय झाडाखाली उभी आहे," रचना म्हणाली. "आई गाईला चारा देते."

चुलीजवळ भाकर खात बसलेला अश्विन उठून आला. त्याने पानावर बोट ठेवलं.

"तसं नाई लिवलं. ग-गा-य, गाय. पा-णी. गाय पाणी पि-ते."

रचनाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "तुले का येते? गप बस."

"येते मले. तुलेच नाई येत."

ललिताच्या हातातली वेणी सुटली. रचना उठून परसात गेली आणि पेरूच्या झाडाला टेकून उभी राहिली. ललिता मागोमाग गेली. रागावली नाही.

"कवापासून?" ललिताने विचारलं.

"काही काही अक्षरं येतेत मले," रचना झाडाची साल नखाने खरवडत म्हणाली. "काना-मात्रा आली का मंग सगळं एकमेकांत घुसते. गुरुजी एकदा वाचतात, मंग मले पाठ होते. कोनी विचारतच नाई."

त्या दिवशी ललिता धानाची रोपं लावायला, रोवणीला गेली नाही. चैतरामच्या बांधीत तिची पाळी होती. चैतरामची बायको रुख्मा वाटेतच भेटली आणि म्हणाली, "आज काऊन नाई येत? धानाचे पऱ्हे उपटून पडले आहेत." ललिता म्हणाली, "शाळेत काम आहे," आणि रचनाचा हात धरून पुढे गेली.

शाळेला दोन खोल्या होत्या आणि पाच वर्ग. शिक्षकही कागदावर दोन होते, पण एकाला तालुक्याच्या कचेरीत कामाला घेतलं होतं. तो कधी परत येईल हे कोणालाच माहीत नव्हतं. उरले चुन्नीलाल पटले गुरुजी. पाचही वर्ग त्यांचे, खिचडीचा तांदूळ त्यांचा, मतदार यादी त्यांची, आणि त्या महिन्यात गावातले संडास मोजायचं कामही त्यांच्याकडेच आलं होतं. माणूस कामचुकार नव्हता. रोज तिरोड्याहून वेळेवर यायचा आणि दिवसभर दोन खोल्यांच्या दारांमध्ये येरझाऱ्या घालायचा.

ललिताचं म्हणणं ऐकून ते हसले. "ललिताबाई, ही माझी सगळ्यात हुशार पोरगी आहे. पहा तुम्ही." त्यांनी पाचवीचं पुस्तक उघडून दिलं. रचनाने धडा धडाधडा म्हणून दाखवला.

"हा शिकवून झाला ना, जी?" ललिता म्हणाली. "जो नाई शिकवला, तो द्या."

गुरुजींनी मागची पानं उघडली. रचना पुस्तकाकडे पाहत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खोलीतली पोरं आपापलं काम सोडून बघत होती. गुरुजींनी तिसरीचं पुस्तक घेतलं. मग दुसरीचं. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं आणि पोरांना बाहेर खेळायला पाठवलं.

खुर्चीवर बसून ते कपाळ चोळत राहिले. "मी एकदा वाचतो, पोरं मागून म्हणतात," ते हळू आवाजात म्हणाले. "पुढे म्हणणारी हीच असते. बाकीचे हिच्या मागे. एकेकाला जवळ बसवून ऐकायला वेळ कुठे आहे? मला वाटायचं, हिला तर काही पाहायलाच नको." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पहिली-दुसरीत ही यायची का नीट? तेव्हा मी इथे नव्हतो."

ललिताला आठवावं लागलं नाही. रचना पहिलीत होती तेव्हा अश्विन तीन वर्षांचा. अंगणवाडी नाल्यापलीकडे, आणि पावसाळ्यात नाला भरला की तिकडे जाणं बंद. रोवणीला सासू-सून दोघी बांधीत, मग अश्विनला पाहायला घरी कोण? रचना. उन्हाळा लागला की पहाटेच मोहफुलं वेचायला जंगलात जायचं, तेव्हाही टोपलं घेऊन रचना सोबत. दुसरीत हिवतापाने तिला दोनदा आडवं पाडलं, आणि बरी होऊन ती शाळेत गेली तर खालच्या वर्गांना शिक्षकच नव्हता. कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं. अक्षरं शिकायचे दिवस असे इकडे-तिकडे सांडून गेले होते, आणि पोरीने कानांवर निभावून नेलं होतं.

"हिले नापास करा, गुरुजी," ललिता म्हणाली.

गुरुजींनी मान वर केली.

"आता आठवीपर्यंत कोणाला नापास करता येत नाही. कायदाच आहे तसा. पोरांनी मधेच शाळा सोडू नये म्हणून. वर्ष संपलं की ही पास होईल आणि सहावीला शेजारच्या गावच्या शाळेत जाईल. मी मनात आणलं तरी थांबवू शकत नाही."

"मंग तिथं जाऊन का करन ही?"

गुरुजींनी समोरची हजेरी उगाच उघडून मिटली.

"कागदावर तुम्हाले का लिहायचं ते लिहा," ललिता म्हणाली. "पन हिले दुसरीच्या पोरांत बसवा. पयलेपासून शिकवा. मी हात जोडतो."

दाराशी उभ्या असलेल्या रचनाने ते ऐकलं. दुसरीत अश्विन होता.

शनिवारी भोजराज आला. कपड्यांवर सिमेंटची पांढरी पूड तशीच होती. सगळं ऐकून तो अंगणात खाटेवर बसला आणि बराच वेळ त्याने चपलाही काढल्या नाहीत.

"लोकं पोरगी पास व्हावी म्हनून मास्तराच्या हातापाया पडतात," तो म्हणाला. "आन् तू नापास करा म्हनून गेली?"

"तिले वाचता नाई येत."

"येईन हळूहळू. पाचवीत आहे ती. भावाच्या बाजूले बसवून तिची अब्रू कायले घालवतेस? गावात आपली एकच तं गोष्ट आहे, जिच्यावर लोकं चांगलं बोलतात."

"लोकं बोलतात म्हनूनच कोनी पाहिलं नाई," ललिता म्हणाली. "मी बी नाई."

सुशिलाबाई आतून म्हणाली, "पोरीचं मन मोडशील तू." भोजराजने चपला काढल्या, हातपाय धुतले आणि न जेवता पडून राहिला. सोमवारी सकाळी निघताना त्याने गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली, आणि म्हणाला, "तू तिथं आहेस रोज. तुले पटते ते कर." रचनाकडे मात्र त्याला पाहवलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. रचना दुसरीच्या बसकरपट्टीवर, सगळ्यांत उंच, गुडघे पोटाशी घेऊन बसायची. पाचवीच्या पोरी येता-जाता 'दुसरीची आजी' म्हणायच्या. सगळ्यात मोठ्याने म्हणायची टीना, चैतराम-रुख्माची मुलगी. पहिलीपासून दोघी एका ताटात खिचडी खायच्या. आता रचना ताट घेऊन हातपंपामागे जायची. पंधरा ऑगस्टला गुरुजींनी भाषणासाठी नाव पुकारलं तेव्हा ती उठलीच नाही. त्या वर्षी भाषण झालं नाही. विहारातही ती यायची थांबली. घरात तिने आईशी बोलणं टाकलं, विचारलं तर मान हलवायची. ललिता धान निंदताना मधेच हात थांबवून उभी राहायची. पोरगी आधी निदान हसत तरी होती, असं तिला वाटायचं. आपण बरं केलं का, हे विचारायला तिला कोणी नव्हतं.

गुरुजींनी एकदा ललिताला बोलावून सांगितलं, "अक्षरं मी इथे घेतो. पण रोज कोणीतरी फक्त हिचं ऐकायला पाहिजे. एकटीचं. मला तेवढा वेळ मिळत नाही." ललिता म्हणाली, "मी ऐकीन."

संध्याकाळी भात चुलीवर ठेवला की ती पुस्तक घेऊन बसायची. रचना भिंतीकडे तोंड करायची. एकदा ती तिरीमिरीत म्हणाली, "तुले तरी कुठं येते? किती हळू वाचतेस तू."

"नाई येत नीट," ललिता म्हणाली. "म्हनून तं बसलो."

आणि ती स्वतःच वाचू लागली. बोट ठेवून, थांबत, अडखळत. एका ओळीत 'चिमणीचे घरटे' होतं, तिने 'चिमणीचे घटरे' वाचलं आणि तशीच पुढे गेली. रचनाने भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हटलं, "घरटे असन."

"पाहून सांग."

रचना वळली. वाकून पाहिलं. घ. र. ट वर मात्रा. "घरटेच आहे," ती म्हणाली. त्या दिवशी त्या एवढंच वाचू शकल्या, कारण भात करपला.

गुरुजींनाही तिची नाडी सापडली. धडे तिला पाठ होते, त्यामुळे पुस्तकाचा उपयोग नव्हता. ती न वाचताच म्हणायची. मग ते तिला म्हणायचे, "तू गोष्ट सांग, मी लिहितो." ती सांगायची. जंगलात अस्वल दिसलं तेव्हा आजी टोपलं टाकून कशी पळाली. बोदलकशाच्या तलावात मासे पकडणाऱ्यांच्या जाळ्यात साप कसा आला. गुरुजी तिचेच शब्द फळ्यावर, आणि घरी वाचायला कागदावरही, मोठ्या अक्षरांत लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची उलटापालट करून विचारायचे, यात अस्वल कुठे आहे, आजी कुठे आहे. स्वतःच बोललेले शब्द ओळखताना तिला लाज वाटत नव्हती. दुसरीची पोरंही ती अस्वलाची गोष्ट ओरडून वाचायची. एक दिवस अश्विन अडला आणि रचनाने त्याला सांगितलं. घरी येऊन अश्विनने ते सगळ्यांना सांगितलं. रचना काही बोलली नाही, पण त्या दिवशी तिने आईला ताट वाढून दिलं.

या सगळ्यात गुरुजींनी आणखी एक गोष्ट केली. पाचवीच्या प्रत्येक पोराला त्यांनी एकटं बसवून ऐकलं. जे सापडलं त्याने त्यांची झोप उडाली. वर्गातली निम्मी पोरं रचनासारखीच होती, आणि त्यांना तिच्यासारखं पाठांतरही नव्हतं. ते घरोघर गेले. कोणी ऐकलं, कोणी हसून सोडून दिलं. टीनाचं नाव निघताच रुख्मा भडकली.

"आमची पोरगी कोनाच्या दुसरीत बसनार नाई," ती म्हणाली. "पास होऊन राहिली ना? मंग?"

उन्हाळा आला. निकालात रचना पास होती, टीनाही पास होती, सगळेच पास होते. ललिता पुन्हा शाळेत गेली. "अजून एक वर्ष ठेवा," ती म्हणाली. गुरुजींनी नकारार्थी मान हलवली. "तिसरीचं पुस्तक वाचते आता. मला आणखी वर्ष मिळालं असतं तर..."

जूनच्या शेवटी ललिता तिला शेजारच्या गावच्या शाळेत घेऊन गेली. तिथल्या बाईंनी नवीन पोरांना एकेक करून उभं केलं आणि पुस्तकातला कोणताही उतारा वाचायला लावला. ललिता व्हरांड्यात थांबली होती. टीनाची पाळी आली. ती उभी राहिली आणि उभीच राहिली. बाईंनी तिला बसायला सांगितलं. मग रचना उठली. तिचा तो चढउतार करणारा आवाज कुठेच नव्हता. कोरडा, घाबरलेला, शब्दाशब्दाला ठेच लागणारा आवाज आला. एक ओळ संपायला फार वेळ लागला. ती दुसऱ्या ओळीवर गेली.

"फार हळू वाचते तुमची मुलगी," बाई नंतर ललिताला म्हणाल्या. "कच्ची आहे. मेहनत घ्यावी लागेल."

"हो, जी," ललिता म्हणाली.

सहावीतल्या पहिल्या चाचणीत रचनाला कधी नव्हे इतके कमी गुण पडले. भोजराजने कागद पाहिला, घडी करून परत दिला, आणि पुढच्या शनिवारी येताना कुडव्याच्या बाजारातून गोष्टींची दोन पातळ पुस्तकं आणली. कुठली घ्यायची ते कळलं नाही म्हणून दुकानदाराने दिली ती आणली होती. एक अगदी लहान पोरांचं निघालं. रचनाने ते अश्विनला दिलं आणि दुसरं स्वतःकडे ठेवलं.

दिवाळीनंतर टीना शाळेत दिसेना. धानाची कापणी आहे, असं आधी सांगितलं. कापणी संपली, मळणी झाली, तरी ती गेली नाही. एका दुपारी ललिता चैतरामच्या खळ्यावर धान पाखडत होती. रुख्मा जवळ येऊन बसली. सुपातले खडे उगाच वेचत राहिली.

"टीना म्हनते, मी नाई जात शाळेत," ती म्हणाली. "पोटात दुखते म्हनते. बापानं मारलं, तरी नाई गेली." मग ललिताकडे न पाहता तिने विचारलं, "तुही पोरगी बसन का तिच्यासोबत संध्याकाळी?"

ललिताने लगेच हो म्हटलं नाही. ते तिच्या हातात नव्हतं. संध्याकाळी तिने रचनाला सांगितलं. रचना दप्तर काढत होती. तिचा चेहरा आक्रसला. त्या वर्षातलं सगळं ती विसरली नव्हती.

"ती मले सगळ्यायसमोर बोलायची," ती म्हणाली.

"माहीत आहे मले."

"मी कायले जाऊ?"

"नको जाऊ मंग. मी तुले जाय नाई म्हनत."

रचना जेवली आणि भांडी घासायला उठून गेली. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने विचारलं, "गुरुजींनी अस्वलाची गोष्ट लिहून दिली होती ना मले, ती कुठं आहे?" ललिताने ती गाठोड्यातून काढून दिली. कागद हातात घेऊन रचना उंबऱ्यावर थोडी थांबली.

"नको, राहू दे," ती म्हणाली, आणि कागद परत दिला. "तिची गोष्ट तिलेच सांगू देतो. माह्या गोष्टीनं नाई शिकनार ती."

आणि ती रिकाम्या हाताने चैतरामच्या घराकडे गेली. ललिता दारात उभी राहून पाहत होती. रुख्माच्या अंगणात टीना पाठमोरी बसली होती. रचना तिच्यापासून थोडं अंतर ठेवून बसली. मग रचनाने जमिनीवरची माती हाताने सारखी केली, लिहायला बोट टेकवलं आणि काहीतरी विचारलं. टीनाने तिच्याकडे मान वळवली.

ललिता आत वळली. चूल पेटवायची होती.